२० बाय १० चं तयार घर: पेटी चांगली, पण जोतं आणि छप्पर वेगळं घ्या

भिवंडी, तळोजा, वसईच्या पट्ट्यात फिरलात तर फॅब्रिकेटरच्या यार्डात रांगेने उभी केलेली पांढरी-करडी पत्र्याची घरं दिसतात. यातलं सगळ्यात जास्त खपणारं माप म्हणजे २० फूट लांब, १० फूट रुंद. आत एक खोली, भिंतीला टेकून ओटा, कोपऱ्यात संडास-बाथरूम, दोन सरकत्या खिडक्या. मुंबईकर हे घर कर्जत, मुरबाड, वाडा, अलिबागकडच्या प्लॉटसाठी घेतात. आमचं मत आधीच सांगतो: घेण्यासारखी वस्तू आहे. मात्र यार्डातून ट्रेलरवर चढतो तो घराचा मधला भाग. कोकणपट्टीच्या पावसात घर टिकतं ते जोत्यावर आणि छपरावर, आणि नेमक्या या दोन गोष्टी कोटेशनमध्ये नसतात.

मापापासून सुरुवात करू. जाहिरातीतले २०० चौरस फूट बाहेरून मोजलेले असतात. भिंती ५० मिलिमीटरच्या पॅनलच्या असतील तर आत साधारण १९० चौरस फूट हातात येतात. ६ बाय ४ चं बाथरूम काढलं की उरतात १६५. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे जवळपास तेवढीच जागा. पण चाळीतल्या खोलीला उंची होती म्हणून पोटमाळा निघायचा, आणि दाराबाहेर गॅलरी होती म्हणून अर्धा संसार तिथे चालायचा. या पेटीची बाहेरची उंची बहुधा साडेआठ फूट असते. जमीन आणि छताची जाडी वजा केली की आत २.४ मीटर, कधी त्याहूनही कमी. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची हवी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. २.४ मीटरमध्ये छताचा पंखा लावला तर हात वर करणाऱ्याच्या बोटांना पातं लागेल, म्हणून भिंतीवरचेच पंखे घ्यावे लागतात. पोटमाळ्याचा तर प्रश्नच नाही. बाहेरून १० फूट उंचीची पेटी मागितली तर बरेच फॅब्रिकेटर करून देतात. मागाच. फक्त तेवढी उंच पेटी साध्या ट्रेलरवर ठेवली की जमिनीपासून साडेचार मीटरच्या आसपास जाते, आणि गावाच्या आतल्या रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि आंब्याच्या फांद्या तिथेच असतात. लो-बेड (कमी उंचीचा) ट्रेलर सांगा आणि रस्ता आधी टेपने मोजून या.

याच भावात जुन्या जहाजी कंटेनरचं घरही दाखवतात. २० फुटी कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. आतून फोम आणि बोर्ड लावल्यावर २.२ मीटरही उरत नाही. पलंग आडवा टाकला की चालायला वाट राहत नाही. शिवाय कंटेनरची ताकद कोपऱ्यांचे खांब आणि नालीदार पत्रा या दोघांची मिळून असते. खिडकी-दारासाठी पत्रा कापला की तिथे चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करावीच लागते, नाहीतर वरचा बीम लचकतो आणि सरकती खिडकी महिनाभरात अडकायला लागते. आतली मूळ प्लायवूडची जमीन कीटकनाशक मुरवलेली असते. झोपायच्या खोलीत ती तशीच ठेवू नये. २०० चौरस फुटांसाठी आम्ही कंटेनरची शिफारस करत नाही.

आता पॅनल. भिंत म्हणजे दोन रंगीत पत्रे आणि मध्ये पफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम), थर्माकोल किंवा रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर). उष्णता अडवण्यात पफ सगळ्यात पुढे. तेवढंच काम थर्माकोलकडून करून घ्यायला दीडपट जाडी लागते. कोटेशनमध्ये पफची घनता घनमीटरला ४० किलो लिहिलेली असते, पण प्रत्यक्षात काय भरलंय हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. खिडकीसाठी कापलेल्या पॅनलचा टाकाऊ तुकडा मागून घ्या, दोन्ही पत्रे सोलून काढा आणि १० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचा ठोकळा सुरीने कापा. हा ५०० घनसेंटिमीटरचा ठोकळा २० ग्रॅम भरला पाहिजे. १५ ग्रॅम भरला तर घनता ३० आहे. असा पफ बोटाने दाबला तरी बसतो आणि उन्हात पत्र्यापासून सुटून फुगे येतात. पत्र्याची जाडीही तिथेच मायक्रोमीटरने मोजा. ०.५ मिलिमीटर लिहून ०.३५ चा पत्रा वापरणं ही या धंद्यातली सगळ्यात सर्रास चालणारी काटछाट आहे.

स्वयंपाकाच्या बाजूची भिंत मात्र पफची नको. पफ पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. ओट्यामागे आणि वर रॉकवूलचं पॅनल घ्या, ते जळत नाही. गॅसचं सिलिंडर बाहेर, खालून-वरून हवा खेळेल अशा जाळीच्या कपाटात ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट, पण घराचं आयुष्य तिच्यावर ठरतं. साइटवर पत्रा ग्राइंडरने कापतात तेव्हा लोखंडाचा तापलेला किस उडून शेजारच्या रंगात रुततो. आज तो दिसत नाही. पहिल्या पावसानंतर पांढऱ्या भिंतीवर मोहरीएवढे तांबूस ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपक्याखाली पत्रा खायला सुरुवात झालेली असते. कापायचं तर निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) किंवा पत्र्याच्या कात्रीने. ग्राइंडर वापरावाच लागला तर भिंत आधी झाकून घ्यायची आणि त्याच दिवशी ब्रशने झाडून पुसायची. समुद्राजवळ, गोराई-उत्तनपासून अलिबागपर्यंत, साधे जस्त चढवलेले स्क्रू दोन-तीन वर्षांत गंजतात. तिथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू मागा आणि ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

गळती कुठून होते? बहुतेक वेळा चार कोपऱ्यांतून. पेटी उचलायचे हूक वरच्या चौकटीला वेल्ड केलेले असतात, ते छताच्या पत्र्यातून वर येतात आणि भोवती सिलिकॉन भरलेलं असतं. यार्डात पाणी मारलं तर एक थेंब येत नाही. पण हायड्रा, म्हणजे छोटी फिरती क्रेन, पेटी उचलते तेव्हा सगळं वजन त्या चार टोकांवर येतं, चौकट किंचित पिळवटते आणि सिलिकॉन पत्र्यापासून केसाएवढं सुटतं. जूनमध्ये आतल्या कोपऱ्यात पिवळसर ओघळ दिसतो तो याचा. म्हणून पेटी जागेवर बसल्यानंतर जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढून पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. त्याहून चांगलं म्हणजे हूक खालच्या चौकटीला घेऊन वर स्प्रेडर बीम (दोर फाकवून धरणारा आडवा बीम) लावून उचलायचं. असं उचललं तर छताला भोकच पडत नाही.

पण खरा उपाय सीलंट नाही. या पेटीचं छत जवळजवळ सपाट असतं, उतार एखाद-दोन अंश. मुंबईत वर्षाला साधारण २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, माथेरानच्या पायथ्याशी त्याहून बराच जास्त. चार महिने पाणी अंगावर घेणारं सपाट छत आज ना उद्या गळणारच. पेटीवर दुसरं, उतरतं छप्पर हवं. मधे फूट-दीड फूट मोकळी जागा ठेवायची म्हणजे वारा आरपार जातो. याचे तीन फायदे. गळती थांबते. उन्हाचा तडाखा वरच्या पत्र्यावर अडतो आणि एसीला एक टन पुरतो. आणि पत्र्यावर कोसळणाऱ्या सरीचा आवाज आत येत नाही. पफचा ठोकळा कडक असल्याने आवाज अडवण्यात तो अगदी कच्चा आहे, हे विकणारे सांगत नाहीत.

एका लांब बाजूला ६ फुटांची पडवी, बाकी तिन्ही बाजूंना ३ फुटांची वळचण, असं छप्पर २६ बाय १९ फुटांचं होतं. पत्रा ०.५ मिलिमीटरचा, अॅल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला रंगीत. उतार १० ते १५ अंश. आडव्या पट्ट्या एक-सव्वा मीटरवर. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खोबणीत नाही, आणि रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर येईल इतका आवळायचा नाही. कडेच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घ्या, कारण वाऱ्याचा ओढा कडेलाच सगळ्यात जास्त असतो. पडवीमुळे राहायची जागा वाढते हेही मोजा. चप्पल, ओली छत्री, कपड्यांची दोरी, संध्याकाळचा चहा, सगळं बाहेर येतं आणि आतले १६५ चौरस फूट मोकळे राहतात. चाळीतल्या गॅलरीचं काम इथे पडवी करते. या घरात जागा वाढवायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

हे छप्पर पेटीवर टेकवायचं नाही, त्याला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया द्यायचा. कारण वारा. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो येतो. २६ बाय १९ फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. छप्पर वर खेचणारा जोर साडेपाच टनांच्या घरात गेला. पेटीचं स्वतःचं वजन अडीच-तीन टन. ती नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवली आणि वरून छप्पर तिलाच जोडलं, तर वादळात दोन्ही जाग्यावरून हलतील. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्र्यांचं काय झालं ते अलिबाग-श्रीवर्धनच्या लोकांना सांगायला नको.

नुसत्या पेटीच्या पायाचा हिशेब असा: छत १८.६ चौरस मीटर, वरचा ओढा सुमारे २.२ टन. सहा खांब घ्या, चार कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्ये एकेक. प्रत्येकाखाली ६०० बाय ६०० मिलिमीटरचा, ३०० जाडीचा काँक्रीटचा पाया, त्यावर ३०० बाय ३०० चा एक मीटर उंचीचा खांब. अशा एकाचं वजन पावणेपाचशे किलो, सहांचं जवळपास २.८ टन. माती आणि पेटीचं वजन न धरताही वारा ही पेटी उचलू शकत नाही, पण बोल्ट असतील तरच. खांबाच्या डोक्यावर १० मिलिमीटर जाडीची प्लेट आणि १६ मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट, काँक्रीट ओतायच्या आधीच साच्यात उभे केलेले. पाया मुरूम लागेपर्यंत खोल. भाताच्या खाचरातल्या काळ्या मातीवर टेकवलेला पाया पावसात फुगतो, उन्हाळ्यात खचतो, आणि मग दारं लागत नाहीत. छपराच्या खांबांच्या पायाचा हिशेब वेगळा. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या.

पेटीचा तळ जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर राहू द्या. हवा खालून खेळली तर चौकट वाळते. शिवाय संडासाचा ११० मिलिमीटरचा पाइप उताराने न्यायला तेवढी जागा लागते. पेटी जमिनीला टेकवून ठेवली की नळकाम करणारा उतारच देऊ शकत नाही आणि पुढची सगळी वर्षं तुंबण्यात जातात. तळाच्या चौकटीवर बहुतेक यार्डात नुसता लाल प्रायमर मारलेला असतो. पेटी अजून उंचावर असतानाच आडवं होऊन खालून बघा. चॅनलच्या आतल्या बाजूला, वेल्डिंगच्या सांध्यांवर इपॉक्सी रंगाचे दोन हात हवेत आणि पाणी साचू नये म्हणून चॅनलला भोकं हवीत. एकदा बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

बाथरूम ही या घराची सगळ्यात कमजोर जागा, आणि इथे आम्ही कोणतीच तडजोड मान्य करणार नाही. जमीन म्हणजे लोखंडी चौकटीवर १८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड आणि त्यावर लाद्या. चालताना बोर्ड किंचित वाकतो, लादीच्या सांध्यातलं ग्राउट चिरतं, पाणी बोर्डात उतरतं. वरून काही दिसत नाही. वर्षभराने बोर्ड कडेने फुगतो आणि खालची चौकट गंजून पापुद्रे सुटतात. लाद्यांऐवजी एकसंध फायबरचा ट्रे मागा: जमीन आणि भिंतीचा खालचा एक फूट एकाच साच्यातून काढलेला, नाहणी ट्रॅपला उतार असलेला. लाद्याच हव्या असतील तर आडव्या पट्ट्या ६०० ऐवजी ४०० मिलिमीटरवर घ्या, बोर्डावर वॉटरप्रूफिंगचे दोन थर द्या, ते भिंतीवर एक फूट चढवा, ट्रॅपचं तोंड बुजवून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खाली जाऊन बोर्ड हाताने चाचपा. ओला लागला तर पैसे थांबवा.

सेप्टिक टँक कोटेशनमध्ये कधीच नसतो. पाच माणसांसाठी आतून दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद टँक पुरतो, पण त्यातून बाहेर पडणारं पाणी जिरायला हवं. कर्जत-मुरबाडकडे वीत-दोन वीत मातीखाली काळा कातळ लागतो आणि पावसात जमीन आधीच भिजून गच्च असते. तिथे शोषखड्डा जुलैमध्ये उलटा भरतो. खड्डा घ्यायच्या आधी पावसाळ्यात एकदा जागा बघा.

भिंतीच्या आतला घाम हाही मुंबईचा खास त्रास. पावसात पत्रा २४-२५ अंशांपर्यंत थंड होतो, आत हवा २८ अंश आणि ओलावा ८५-९० टक्के. अशी हवा २५-२६ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सुटतं. पफ पत्र्याला चिकटलेला असतो म्हणून पॅनलवर हे होत नाही; होतं ते पॅनलच्या बाहेर राहिलेल्या उघड्या लोखंडी खांबांवर आणि जिथे काचलोकर भरून वर जिप्सम बोर्ड मारलाय तिथे. खांबांवर आतून १० मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम चिकटवायला सांगा. बाथरूम आणि ओटा दोन्हीकडे एक्झॉस्ट फॅन हवा. लाकूडकाम एमडीएफचं नको. ते या हवेत पावासारखं फुगतं. आयएस ७१० चा मरीन प्लाय किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची फळी) घ्या. पॅनलच्या उघड्या कडा पत्र्याच्या यू-पट्टीने बंद करा, कारण उंदीर आणि मुंग्या पफ पोखरून घर करतात आणि वाटेतल्या वायरी कुरतडतात. सगळं घर लोखंडाचं असल्यामुळे चौकटीला अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, वायरी कंड्युटमधूनच.

पाण्याची २,००० लिटरची टाकी भरली की दोन टन होते. ती पेटीवर ठेवायची नाही, वेगळ्या स्टँडवर. पावसाचं पाणी मात्र या घराची मोठी जमेची बाजू आहे: वर सांगितलेल्या छपरावरून वर्षाला ८० हजार लिटरच्या वर पाणी मिळू शकतं. पण ते चार महिन्यांत येतं, म्हणून टाकीपेक्षा ते गाळून बोअरवेलमध्ये सोडणं शहाणपणाचं. सोलर लावायचा तर दुसऱ्या छपराच्या पट्ट्यांवर, पेटीच्या छताला भोक पाडून नाही. एक किलोवॉटला १० चौरस मीटर जागा लागते, दिवसाला चारेक युनिट मिळतात. घरगुती वीजमीटर असेल तर पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

विकणारे हमखास सांगतात, की पाया खणला नाही, क्रेनने उचलून नेता येतं, म्हणजे परवानगी लागत नाही. हे चूक आहे. राहायला वापरलं की ते बांधकाम. मुंबई महापालिकेच्या हद्दीत डीसीपीआर २०३४ ही बांधकाम नियमावली, बाहेर बहुतेक ठिकाणी राज्याची डिसेंबर २०२० ची एकत्रित नियमावली, यूडीसीपीआर, लागू होते. कर्जत-नेरळकडे माथेरानचा इको-सेन्सिटिव्ह झोन, किनाऱ्याला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र. आधी सातबारा आणि झोन दाखला बघा, मग पेटीचा रंग निवडा. सोसायटीच्या गच्चीवर ही पेटी ठेवायचा विचार तर सोडूनच द्या. तीन टनांचा भार आणि खालचा जुना स्लॅब यांचा मेळ बसत नाही.

आणखी एक दिशाभूल होते. नव्या तंत्राने घरं बांधून दाखवणाऱ्या सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पांचे फोटो दाखवून ‘हेच तंत्र’ असं सांगतात. इंदूरला वापरलेली सँडविच पॅनल सिमेंट-थर्माकोलच्या गाभ्याची, पोलादी सांगाड्यात बसवलेली आहेत. तुमच्या पफच्या पेटीशी त्यांचं फक्त नाव जुळतं. कायम राहायचं घर हवं असेल, किंवा प्लॉट वर्सोवा, खारदांडा, गोराईसारख्या गावठाणात असेल जिथे बोळात हायड्रा शिरत नाही, तर पेटी नको. तिथे एलजीएसएफ घ्या: जस्त चढवलेल्या पातळ पोलादाचा सांगाडा, जो दोन-चार माणसं हाताने आत नेतात, मध्ये रॉकवूल, बाहेर फायबर सिमेंट बोर्ड. जागेवर कामाला काही आठवडे लागतात आणि खर्च जास्त येतो, पण उंची हवी तेवढी घेता येते आणि त्यात पोटमाळाही निघतो.

पैशांच्या बाबतीत एवढं पाळा. कोटेशनमध्ये ट्रेलर, हायड्रा, पाया, छप्पर, सेप्टिक टँक, मीटर आणि जीएसटी यांच्या ओळी वेगवेगळ्या मागा, कारण चौरस फुटाचा दर यातल्या जवळजवळ कशालाच धरून नसतो. शेवटचा हप्ता निदान १५ टक्के ठेवा, आणि तो यार्डात नाही, जागेवर बसवल्यानंतर द्या. त्याआधी बागेच्या पाइपने छताच्या चारही कोपऱ्यांवर, खिडक्यांच्या खालच्या पट्टीवर आणि पॅनलच्या उभ्या सांध्यांवर प्रत्येकी दहा मिनिटं पाणी सोडा. एक माणूस वर, एक आत टॉर्च घेऊन.